घरच्या सँडब्लास्टिंगसाठी कॉम्प्रेसर: आधी नोझल ठरवा, मग यंत्र

आपल्या प्रश्नाचा आशय असा आहे: नाशिकच्या इंदिरानगरमधील बंगल्याच्या पार्किंगमध्ये आपल्याला जुन्या स्कूटरचे सुटे भाग आणि खिडक्यांच्या काही ग्रिल सँडब्लास्ट करून, म्हणजे दाबाच्या हवेने कठीण कण मारून गंज आणि जुना रंग काढून, रंगवायच्या आहेत. आपल्याकडे २ एचपीचा, ५० लिटर टाकीचा, मोटरला थेट जोडलेला कॉम्प्रेसर आहे. ऑनलाइन मागवलेली सक्शन गन, म्हणजे हवेच्या झोताने कण खेचून मारणारी गन, चालू केली की अर्ध्या मिनिटात दाब कोसळतो. म्हणून २०० लिटरची जादा टाकी जोडावी की चाळीस हजारांच्या आत दुसरा कॉम्प्रेसर घ्यावा, आणि नदीची वाळू चाळून वापरली तर चालेल का, असे आपण विचारले आहे. वाळूचे उत्तर एका शब्दात देता येते, ते म्हणजे नाही. त्याची कारणे पुढे दिली आहेत. कॉम्प्रेसरचे उत्तर मात्र थोडे हिशेबाचे आहे. अंबडच्या औद्योगिक वसाहतीत ब्लास्टिंग आणि पावडर कोटिंगची कामे करताना हाच हिशेब मी रोज करतो, तो येथे मांडतो.

कॉम्प्रेसर विकत घेताना बहुतेक जण एचपी आणि टाकीचे लिटर विचारतात. ब्लास्टिंगसाठी या दोन्ही गोष्टी दुय्यम आहेत. ब्लास्टिंग हे हवा सतत खाणारे काम आहे. टायरमध्ये हवा भरणे किंवा नट सोडवणे ही कामे काही सेकंदांची असतात आणि त्यांच्यामध्ये यंत्राला उसंत मिळते. ब्लास्टिंगमध्ये ट्रिगर दाबल्यापासून सोडेपर्यंत एका ठरावीक छिद्रातून हवा अखंड बाहेर पडत असते. ते छिद्र किती व्यासाचे आहे आणि दाब किती आहे, एवढ्यावरच दर मिनिटाला लागणारी हवा ठरते, आणि ती सीएफएम म्हणजे दर मिनिटाला किती घनफूट या मापात मोजतात. एक घनफूट म्हणजे सुमारे २८.३ लिटर. दाब बारमध्ये मोजतात. साडेपाच बार दाबाला २ मिलिमीटरच्या छिद्रातून सुमारे साडेसहा सीएफएम हवा जाते, अडीच मिलिमीटरमधून सुमारे १०, तीनमधून १५, चारमधून २६ आणि सहा मिलिमीटरमधून ६०. व्यास दुप्पट झाला की हवा चौपट लागते, आणि नेमकी हीच गोष्ट दुकानात कोणी सांगत नाही.

सक्शन गनमध्ये आणखी एक बारकावा आहे. तिच्यात दोन छिद्रे असतात. आतल्या बाजूला पितळी किंवा पोलादी एअर जेट असतो, आणि पुढे सिरॅमिकचे नोझल असते, ज्यातून हवा आणि ग्रिट, म्हणजे मारायचे कठीण बारीक कण, एकत्र बाहेर पडतात. हवेचा खप आतल्या जेटवर ठरतो, पुढच्या नोझलवर नाही. नोझलचा व्यास जेटच्या साधारण दुप्पट असेल तर ग्रिट नीट खेचली जाते. ऑनलाइन मिळणाऱ्या स्वस्त गनमध्ये सहा-सात मिलिमीटरचे नोझल आणि साडेतीन मिलिमीटरच्या आसपासचा जेट असतो, म्हणजे सुमारे २० सीएफएमची भूक. आपल्या गनचा जेट काढून त्यात ड्रिल बिटची मागची, दांड्याची बाजू घालून पाहा. जे बिट घट्ट बसेल तो आपला व्यास.

आता आपल्या कॉम्प्रेसरकडे येऊ. त्याच्या लेबलवर बहुधा ८ सीएफएम लिहिलेले असेल. हा आकडा पिस्टनच्या विस्थापनाचा असतो, म्हणजे पिस्टन दर मिनिटाला किती आकारमान सरकवतो त्याचा. प्रत्यक्षात व्हॉल्व्हमधील गळती, हेडमध्ये उरलेली हवा आणि उष्णता यांमुळे सात बारच्या आसपास त्यातली साठ ते सत्तर टक्के हवाच टाकीत पोहोचते. या प्रत्यक्ष मिळणाऱ्या हवेला एफएडी म्हणतात, आणि विक्रेत्याला विचारायचा आकडा तो आहे. शिवाय नाशिक समुद्रसपाटीपासून सुमारे ६०० मीटर उंचीवर असल्याने येथील हवा मुंबईच्या मानाने सात टक्क्यांनी विरळ आहे. पिस्टन तेवढ्याच फेऱ्या मारतो, पण आत येणारी हवा वजनाने कमी असते. सगळे धरून आपल्या २ एचपी यंत्राकडून ५ सीएफएमपेक्षा जास्त अपेक्षा ठेवू नये.

गनला २० हवेत, यंत्र ५ देते, म्हणजे दर मिनिटाला १५ घनफूट टाकीतून जातात. ५० लिटरची टाकी आठ बारवरून चार बारवर येईपर्यंत २०० लिटर, म्हणजे सुमारे ७ घनफूट मोकळी हवा देते. ती साधारण २८ सेकंदांत संपते. आपल्याला जाणवणारे अर्धे मिनिट हे आहे. यंत्रात बिघाड नाही. २०० लिटरची टाकी जोडली तर साठा पाचपट होईल आणि गन सव्वादोन मिनिटांच्या थोडी वर चालेल. मात्र नंतर ती टाकी पुन्हा आठ बारवर आणायला त्याच ५ सीएफएमच्या यंत्राला सात मिनिटे लागतील. म्हणजे तासातली पंधरा मिनिटे काम आणि पंचेचाळीस मिनिटे वाट पाहणे, हे प्रमाण टाकीपूर्वीही होते आणि नंतरही तेच राहते. गच्चीवरची टाकी कितीही मोठी केली तरी बोअरचे पाणी वाढत नाही. उलट एक तोटा होतो: थेट जोडणीचे, २८०० फेऱ्यांनी पळणारे छोटे पंप अर्धा वेळ विश्रांती मिळेल या गृहीतावर बनवलेले असतात, आणि मोठी टाकी जोडली की ते न थांबता धापा टाकत राहतात. हेड तापते, रिंगा जातात, आणि यंत्र वर्षभरात भंगारात जाते. म्हणून टाकीवर पैसे घालू नका, हे माझे स्पष्ट मत आहे.

पहिला उपाय जवळपास फुकट आहे. आपल्या गनमध्ये २ मिलिमीटरचा जेट आणि ४ मिलिमीटरचे नोझल बसवा. तयार मिळाले नाही तर सातपूरमधील कोणताही टर्नर पितळेच्या सळईतून जेट करून देईल. आटा मात्र जुना जेट दाखवून जुळवून घ्यावा. दाब साडेपाचऐवजी साडेचार बारवर आणला की ही जोडी साधारण साडेपाच सीएफएम हवा घेते, म्हणजे आपले यंत्र जवळजवळ पुरते. मारा सव्वा-दीड सेंटिमीटरच्या पट्ट्यात पडतो आणि काम हळू होते, पण ते चालू राहते. ब्रेक लिव्हर, बिजागऱ्या, कार्ब्युरेटरची बाहेरची बाजू, नट-बोल्ट यांसाठी एवढे पुरेसे आहे. या कामात दाबापेक्षा सातत्य महत्त्वाचे असते. आठ बारचे वीस सेकंद आणि चार बारची वीस मिनिटे यांत मी डोळे झाकून दुसरी गोष्ट निवडेन. पंपाला मात्र दहा-पंधरा मिनिटांच्या कामानंतर तेवढीच विश्रांती द्या.

ग्रिलसाठी आणि स्कूटरच्या चाकांसाठी हे अपुरे पडेल. तेव्हा दुसरा कॉम्प्रेसर घ्यायचाच असेल, तर ३ एचपीचा, पट्ट्यावर चालणारा, कास्ट आयर्न हेडचा, १५० ते २०० लिटर टाकीचा घ्यावा. असा पंप मिनिटाला सातशे ते हजार फेऱ्यांनी सावकाश फिरतो, कमी तापतो आणि दुरुस्त करता येतो. त्याचे विस्थापन १२ सीएफएमच्या आसपास आणि प्रत्यक्ष हवा ८ ते ९ सीएफएम असते. त्याला अडीच मिलिमीटरचा जेट आणि पाच मिलिमीटरचे नोझल जोडून पाच बारच्या किंचित खाली काम केले की हिशेब बरोबर बसतो. घरी तीनफेज जोडणी असेल तर ५ एचपीचा विचार जरूर करावा, कारण तो १५ सीएफएमच्या जवळ जातो आणि तीन मिलिमीटरचा जेट पेलतो. सिंगल फेजवर मात्र ३ एचपीच्या पुढे जाऊ नये.

नवे यंत्र आपल्या बजेटमध्ये ताणूनच बसेल, आणि होज (हवेची नळी), सेपरेटर (हवेतले पाणी वेगळे करणारे साधन), कॅबिनेट (ब्लास्टिंगची बंद पेटी) यांना काही उरणार नाही. म्हणून वापरलेले घ्या. नाशिककरांची ही सोय मोठी आहे: सातपूर, अंबड आणि सिन्नर या तिन्ही औद्योगिक वसाहतींत लहान कारखाने स्क्रू कॉम्प्रेसर घेतात आणि जुने पिस्टनचे यंत्र कोपऱ्यात पडून राहते. अंबड लिंक रोडच्या बाजूच्या जुन्या यंत्रांच्या व्यापाऱ्यांकडेही ती येतात, पण थेट कारखान्यातून, चालू अवस्थेत पाहून घेतलेले केव्हाही बरे. एल्गी किंवा इंगरसोल-रँडसारख्या प्रचलित नावाचे यंत्र असेल तर व्हॉल्व्ह प्लेट, रिंगा आणि गॅस्केट आजही मिळतात. बिननावाच्या पंपाची रिंग शोधत फिरण्यात जो वेळ जातो, त्यात वाचवलेले पैसे निघून जातात. माझ्या पाहण्यात चांगल्या अवस्थेतील ३ एचपी यंत्र वीस-पंचवीस हजारांच्या आसपास सुटते. त्याच्या निम्म्यात कोणी देत असेल तर टाकीकडे संशयाने पाहावे.

यंत्र पाहायला जाताना घड्याळ आणि कागद सोबत ठेवा. टाकीचा निर्गम व्हॉल्व्ह बंद करून यंत्र चालवा आणि गेजचा काटा पाच बारवरून सात बारवर जायला किती सेकंद लागतात ते मोजा. टाकीचे लिटर गुणिले दोन, भागिले लागलेली मिनिटे, एवढा सोपा हिशेब आहे. १६० लिटरच्या टाकीला ७५ सेकंद लागले, तर ३२० लिटर सव्वा मिनिटात, म्हणजे मिनिटाला २५६ लिटर, म्हणजे ९ सीएफएम. टाकीतली हवा तापलेली असल्याने हा आकडा थोडा फुगलेला येतो, तेवढी सूट धरावी. याच टाकीला दोन मिनिटांहून जास्त लागत असतील तर रिंगा किंवा व्हॉल्व्ह गेले आहेत. ती दुरुस्ती अवघड नाही, पण किंमत त्याप्रमाणे पाडून घ्यावी. त्यानंतर यंत्र थांबवून दहा मिनिटे काटा पाहा. उतरत असेल तर नॉन-रिटर्न व्हॉल्व्ह (हवा उलट जाऊ न देणारा) किंवा जोड गळत आहेत. हवेच्या वाटेवर पांढरा कागद धरा. त्यावर तेलाचे ठिपके उमटत असतील तर रिंगा झिजल्या आहेत, आणि ते तेल उद्या आपल्या घासलेल्या धातूवर बसून रंग उचलेल.

टाकीची तपासणी याहून महत्त्वाची आहे. तळाचा ड्रेन कॉक उघडून पाहा. गंजाचे लाल पाणी थोडे येणे स्वाभाविक आहे, पण पापुद्रे पडत असतील किंवा कॉक गंजून फिरतच नसेल, तर त्या मालकाने कधी पाणी काढलेले नाही असे समजावे. टाकी नेहमी तळाकडून, आतून गंजते, त्यामुळे बाहेरचा नवा रंग काहीच सांगत नाही. पैसे देण्यापूर्वी किंवा निदान वापर सुरू करण्यापूर्वी टाकीची पाण्याच्या दाबाची चाचणी, म्हणजे हायड्रो टेस्ट, कामाच्या दाबाच्या दीडपटीवर करून घ्या. टाकी पाण्याने भरलेली असते म्हणूनच ही चाचणी सुरक्षित असते. पाणी दाबले जात नाही, त्यामुळे टाकी फुटली तरी फक्त गळते. तीच टाकी हवेने भरलेली असताना फुटली तर पत्र्याचे तुकडे भिंतीत घुसतात. सेफ्टी व्हॉल्व्ह जुना असेल तर विचार न करता नवा बसवा. वेल्डिंगचे ठिगळ लावलेली टाकी कोणत्याही किमतीत घेऊ नका. घरच्या गॅस सिलिंडरपासून किंवा एसीच्या गॅसच्या एकवार वापरायच्या डब्यांपासून टाकी बनवण्याचे व्हिडिओ आपण पाहिले असतील, तर ते विसरून जावेत.

विजेबाबत थोडक्यात. ३ एचपीची सिंगल फेज मोटर चालताना सुमारे १४ अँपिअर घेते आणि सुरू होताना क्षणभर त्याच्या पाच-सहा पट. महावितरणच्या बिलावर छापलेला मंजूर भार पाहा. तो कमी असेल तर आधी वाढवून घ्या. मीटरपासून कॉम्प्रेसरपर्यंत ४ चौरस मिलिमीटरची स्वतंत्र तांब्याची वायर, सुरुवातीचा क्षणिक झटका सोसणारा सी-कर्व्हचा एमसीबी, ओव्हरलोड रिलेसह स्टार्टर आणि पक्के अर्थिंग, हे सगळे परवानाधारक वायरमनकडून करून घ्यावे. एक्स्टेंशन बोर्डावर अशी मोटर चालवणे म्हणजे ती जाळण्याचा खात्रीचा मार्ग आहे, कारण लांब आणि बारीक वायरीत व्होल्टेज पडते, मोटर उचलत नाही आणि कॅपॅसिटर उडतो. दाब पाहून मोटर चालू-बंद करणाऱ्या प्रेशर स्विचमधील अनलोडर चालतो ना, तेही पाहा. यंत्र थांबताना ‘फुस्स’ असा आवाज येऊन हेडमधील हवा सुटली पाहिजे. ती सुटली नाही तर पुढच्या वेळी मोटरला दाबाविरुद्ध सुरू व्हावे लागते.

आपले २ एचपीचे यंत्र विकण्याची घाई करू नका. दोन्ही कॉम्प्रेसर आपापल्या नॉन-रिटर्न व्हॉल्व्हसह एकाच लाइनला टी जोडून जोडता येतात आणि त्यांची हवा सरळ बेरजेने मिळते, ९ अधिक ५ म्हणजे १४. दोन्हींना वेगळे एमसीबी द्या आणि एक सुरू झाल्यावर काही सेकंदांनी दुसरा सुरू करा. प्रेशर स्विच थोड्या वेगळ्या दाबांवर लावले की ते आपोआप पाठोपाठ सुरू होतात. तीनफेज जोडणीचा खर्च टाळून ५ एचपीच्या जवळ जाण्याचा हा सर्वात स्वस्त मार्ग आहे.

आता पाण्याविषयी सांगतो, कारण घरगुती ब्लास्टिंग बंद पडण्याचे मुख्य कारण हवेची कमतरता नसून ओलावा असतो. नाशिकच्या पावसाळ्यात एक घनमीटर हवेत साधारण २० ग्रॅम वाफ असते. १० सीएफएमचे यंत्र तासाला सुमारे १७ घनमीटर हवा आत घेते, म्हणजे जवळपास साडेतीनशे ग्रॅम पाणी. ती हवा आठव्या हिश्श्यात दाबली गेली की एवढी वाफ तिच्यात मावत नाही, आणि हवा थंड होताच पाव लिटरहून अधिक पाणी सुटते. प्रश्न एवढाच आहे की ते कुठे सुटते. हेडमधून निघणारी हवा दीडशे अंशांच्या आसपास तापलेली असते. टाकीला लगेच मोठा सेपरेटर लावला तर गरम हवेतील वाफ त्यातून तशीच निघून जाते, पुढे होजमध्ये थंड होते आणि ग्रिटचा चिखल करते. मग गन अडखळते, लोक नोझल साफ करत बसतात आणि दोष ग्रिटला देतात.

म्हणून क्रम असा ठेवा: आधी हवा थंड करायची, मग पाणी गोळा करायचे, आणि शेवटी उरलेली वाफ शोषायची. थंड करण्यासाठी पंपाचे हेड आणि टाकी यांच्यामध्ये एसी मेकॅनिककडे मिळणाऱ्या अर्धा इंची तांब्याच्या नळीचे आठ-दहा मीटरचे वेटोळे घालून ते पट्ट्याच्या चक्राच्या वाऱ्यासमोर बांधावे. नळीला टाकीकडे सलग उतार हवा, मध्ये कोठेही पाणी साठेल असा खोलगट भाग नको. टाकीनंतर भिंतीवर अर्धा इंची जीआय पाइप वर-खाली असा दोन-तीन वेळा न्यावा आणि प्रत्येक खालच्या टोकाला ड्रेन कॉक ठेवावा. सेपरेटर आणि रेग्युलेटर त्यानंतर, गनपासून चार-पाच फुटांवर लावावा. पावसाळ्यात काम करणारच असाल तर त्यापुढे सिलिका जेलची बाटली जोडावी. जेलने रंग बदलला की ते १२० अंशांच्या आसपास तापवून पुन्हा वापरता येते, मात्र त्यासाठी स्वयंपाकघरातील ओव्हन वापरू नये, विशेषतः निळ्या जेलसाठी, कारण त्यात कोबाल्टचा क्षार असतो. माझा व्यवहारी सल्ला याहून सोपा आहे. ब्लास्टिंगची कामे दिवाळीनंतर ते मे महिन्यापर्यंत उरकावीत आणि जूनपासून चार महिने रंगकामाची तयारी, जोडणी, इंजिनकाम करावे. जानेवारीतली नाशिकची कोरडी, थंड हवा या कामाला इतकी अनुकूल असते की जेलची गरजही पडत नाही.

हवेच्या लाइनसाठी पाण्याचा पीव्हीसी पाइप वापरू नका. तो उन्हाने आणि तेलाने ठिसूळ होतो आणि दाबाखाली फुटला की त्याच्या धारदार चिरफळ्या उडतात. गनपर्यंतचा होज आतून अर्धा इंची रबरी असावा. आठ मिलिमीटरच्या निळ्या पीयू नळीचा आतला व्यास पाच मिलिमीटर असतो. दहा मीटर नळीत दीड-दोन बार दाब सहज गळून जातो आणि दोष पुन्हा कॉम्प्रेसरवर येतो. स्वस्त क्विक कपलरही असाच गळा आवळतात. दाब मोजायचा तर गनच्या मुठीपाशी गेज लावून, ट्रिगर दाबलेला असताना मोजावा. टाकीवरचा काटा या बाबतीत दिशाभूल करतो.

आता वाळू. नदीच्या वाळूत गारगोटीचे, म्हणजे स्फटिकी सिलिकाचे कण असतात. कठीण पृष्ठभागावर वेगाने आपटताच ते फुटतात आणि डोळ्याला न दिसणारी धूळ तयार होते. ती फुफ्फुसात खोल जाऊन बसते आणि तिथे व्रण करते. हा सिलिकोसिस बरा होत नाही. भारतातील १९४८ च्या कारखाने कायद्यातही तो अधिसूचित, म्हणजे सरकारला कळवणे बंधनकारक असलेल्या, आजारांमध्ये होता. ब्रिटनने अशा कामात वाळू वापरण्यास १९४९ मध्येच बंदी घातली, अमेरिकेतील व्यावसायिक आरोग्य संस्थेने १९७४ मध्ये तशी शिफारस केली, आणि श्वासावाटे जाणारी स्फटिकी सिलिका कर्करोगकारक असल्याचे आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्थेने १९९७ मध्ये नोंदवले. नाकाला रुमाल बांधून या धुळीपासून काहीही संरक्षण होत नाही. आपण करणार आहात ते बंगल्याच्या पार्किंगमध्ये, जिथे घरातली मुले खेळतात आणि शेजाऱ्यांचे कपडे वाळत असतात. म्हणून नावात सँड असले तरी सँड वापरायची नाही.

त्याऐवजी लोखंडी ग्रिल आणि फ्रेमच्या भागांसाठी ८० मेशचे (मेश म्हणजे चाळणीची दर इंचाला छिद्रे; आकडा मोठा तितके कण बारीक) गार्नेट किंवा तपकिरी ॲल्युमिनियम ऑक्साइड घ्यावे. ॲल्युमिनियम ऑक्साइड अधिक कठीण आहे, गंज झटपट काढते आणि कॅबिनेटमध्ये चाळून अनेकदा वापरता येते, त्यामुळे किलोचा दर जास्त दिसला तरी शेवटी स्वस्त पडते. ते नोझलही लवकर खाते, हे खरे. ॲल्युमिनियमच्या भागांसाठी, म्हणजे स्कूटरचे हब, कव्हर, कार्ब्युरेटर यांच्यासाठी, काचेचे बारीक मणी वापरावेत. ते धातू न कापता साफ करतात आणि साटीनसारखी झाक देतात. ही काच स्फटिकी नसल्याने सिलिकोसिसचा धोका तिच्यात नाही, धूळ मात्र होतेच. लहान जेट आणि नोझल वापरताना ग्रिट ६० मेशहून जाड घेऊ नका, अडकते. सिरॅमिक नोझल काही तासांत झिजते, आणि तीनचे चार मिलिमीटर झाले की मारा पसरतो आणि पकड जाते. प्रेशर पॉटमध्ये, म्हणजे दाबाखालच्या भांड्यातून ग्रिट थेट होजमध्ये ढकलणाऱ्या यंत्रात, याचा फटका आणखी मोठा बसतो, कारण तिथे हवेचा खपच नोझलवर ठरतो आणि पाऊण पटीहून जास्त वाढतो. टंगस्टन कार्बाइडचे नोझल महाग असले तरी शेकडो तास टिकते.

प्रेशर पॉटचा उल्लेख आलाच आहे तर सांगतो, तो तेवढ्याच हवेत सक्शन गनच्या दोन-तीन पट काम करतो हे खरे आहे. तरीही पहिल्या वर्षी तो घेऊ नये, असे मला वाटते. ते दाबाखालचे भांडे आहे, ओलावा त्याला मुळीच चालत नाही, आणि उघड्यावर वापरायचा मोह होतो.

उघड्यावर हे काम करायचेच नाही. कॅबिनेट बनवा. जुन्या फ्रीजचे शरीर किंवा बारा मिलिमीटरचा प्लायवूड यांतून तीन फूट रुंदीचे चांगले कॅबिनेट होते: समोर बदलता येणारी काच, हाताला जाड रबरी हातमोजे, आत एलईडी दिवा, खाली जाळी आणि ग्रिट परत गोळा करणारे उतरते तळ. एका बाजूने हवा आत येण्यास जागा आणि दुसऱ्या बाजूने व्हॅक्यूम क्लीनर, मध्ये बादलीवर बसवलेला सायक्लोन (हवा गरगर फिरवून जड कण वेगळे करणारा शंकू), म्हणजे वापरण्याजोगी ग्रिट बादलीत पडते आणि बारीक धूळ पुढे जाते. व्हॅक्यूमची फुंक घरात किंवा शेजाऱ्यांकडे सोडू नका. कॅबिनेट आणि गन अर्थ करा, नाहीतर कोरड्या हवेत स्थिर विजेचे झटके बसतात. कॅबिनेट उघडताना, चाळताना आणि ग्रिट भरताना बारीक धूळ रोखणारा एफएफपी३ दर्जाचा, चेहऱ्याला घट्ट बसणारा मास्क घाला. तेल घातलेल्या कॉम्प्रेसरची हवा हूडमध्ये (डोके झाकणाऱ्या टोपात) घेऊन श्वासासाठी कधीही वापरू नका. तिच्यात तेलाची वाफ आणि कधीकधी कार्बन मोनॉक्साइडही असतो.

भाग कॅबिनेटमध्ये जाण्यापूर्वी ग्रीस डिझेलने आणि मग साबणाच्या पाण्याने धुवून पूर्ण वाळवा. तेलकट भागावर ग्रिट चिकटते आणि पूर्ण साठा खराब होतो. जुन्या स्कूटरच्या ब्रेक ड्रममधील काळी धूळ कोरडी झटकू नका, जुन्या ब्रेक लायनरमध्ये ॲस्बेस्टॉस असे. ओली करून पुसून घ्या. जुन्या गाड्यांच्या आणि ग्रिलच्या रंगांत शिसे असण्याची शक्यता धरून वापरलेली ग्रिट बंद पिशवीत ठेवा, बागेच्या मातीत टाकू नका. बेअरिंग, क्रोमचे भाग आणि आटे असलेली छिद्रे रबरी बुचांनी किंवा जाड टेपने झाका. पेट्रोलच्या टाकीच्या आत कधीही ब्लास्टिंग करू नका. तिच्या आणि स्कूटरच्या पत्र्याच्या बाहेरच्या बाजूलाही घरी हात न लावलेला बरा. एका जागी मारा राहिला की पत्रा वाकतो आणि तो सरळ होत नाही.

आवाजाचाही विचार हवा. २००० सालच्या ध्वनी प्रदूषण नियमांनुसार निवासी भागात दिवसाची मर्यादा ५५ आणि रात्री दहा ते सकाळी सहापर्यंत ४५ डेसिबल आहे, आणि पिस्टनचा कॉम्प्रेसर त्याच्या वर सहज जातो. यंत्राला रबरी पाय लावा, हवा घेणाऱ्या फिल्टरला नळी जोडून तिचे तोंड विटांच्या आडोशाला न्या, आणि दुपारी वामकुक्षीच्या वेळी यंत्र बंद ठेवा. कॉम्प्रेसर पूर्ण बंद पेटीत मात्र ठेवू नये, तो तापतो.

पूर्ण फ्रेम, पॅनेल आणि सहा फुटी ग्रिल यांच्यासाठी आपल्या कोणत्याही घरगुती व्यवस्थेला दिवसच्या दिवस लागतील. ती अंबड किंवा सातपूरमधील जॉबवर्क करणाऱ्या कोटिंग शॉपला द्यावीत. मोठ्या स्क्रू कॉम्प्रेसरवर एक ग्रिल काही मिनिटांत होते आणि लगेच प्रायमर किंवा पावडर बसते. देताना पत्रा पातळ आहे, बारीक ग्रिट आणि कमी दाब ठेवा, असे स्पष्ट सांगा. घरी झालेल्या लोखंडी भागांना मात्र त्याच दिवशी, पावसाळी हवा असेल तर तासाभरात, इपॉक्सी प्रायमर मारा आणि तोपर्यंत उघड्या हाताने त्यांना स्पर्श करू नका, कारण बोटांचा घाम जिथे लागतो तिथून दुसऱ्या दिवशी सकाळी गंजाचा पहिला डाग उमटतो.